खुलाशाची पहिली ओळ

चेन्नई शहराच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी जेथे खाडीतून समुद्राला मिळते, तेथे एन्नोर वसले आहे. एका अंगास विजेच्या कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या अंगास कोळ्यांची वस्ती आणि उत्तरेस बंदर. केंद्र सरकारच्या नोकरीने मला येथे आणून सोडले. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या एका वृद्ध अक्कांना मी एकदा सहज म्हणालो की, खाडीचे पाणी आता सुधारले आहे असे पत्रकात आले आहे. टोपली उतरवीत त्यांनी विचारले, "पत्रक लिहिणाऱ्याने पाण्यात पाय घातला होता का, सर?" पत्रकांचे मसुदे करणे हाच माझा पोटाचा धंदा असल्यामुळे तो प्रश्न मला लागला, आणि अद्याप लागून राहिला आहे.

अक्कांचा अविश्वास उगाच उत्पन्न झालेला नाही. २८ जानेवारी २०१७ रोजी पहाटे येथील कामराजर बंदराबाहेर 'बीडब्ल्यू मेपल' आणि 'डॉन कांचीपुरम' ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. तेलामुळे प्रदूषण वगैरे काही झालेले नाही, असे बंदराच्या त्या दिवशीच्या पत्रकात म्हटले होते. पुढे एरणावूरपासून दक्षिणेकडे किनारा काळा पडला. तटरक्षक दलाचे जवान, कोळी आणि महाविद्यालयांतील मुले बादल्यांनी तेल उपसू लागली आणि शंभर टनांहून अधिक तेलकट गाळ काढावा लागला. पत्रक लिहिणारा लबाडच होता असे मी म्हणणार नाही. पहाटेच्या अंधारात किती तेल सांडले हे कोणास कळले असेल? परंतु जे कळले नव्हते ते 'घडले नाही' म्हणून लिहिले गेले. 'पाहणी चालू आहे' एवढे तीन शब्द लिहिण्यास कोणती अडचण होती?

ही खोड आजची नव्हे. महाराष्ट्रातील वाचकांस १८९७ चे पुणे आठवावे. प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घरांत शिरत होते आणि त्यांच्या अत्याचारांच्या वार्ता शहरभर पसरल्या होत्या. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तेथील वृत्तपत्रात स्त्रियांवरील अत्याचारांची वाच्यता केली. मुंबई सरकारने त्याचा साफ इन्कार केला. गोखले मुंबईस परतले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करता येईनात व पुरावा पुढे येईना. अखेर त्यांनी बिनशर्त माफी मागितली, आणि त्याबद्दल स्वकीयांचे कठोर बोलही ऐकले.

कागदोपत्री सरकार जिंकले. परंतु तो काळ कसा होता हे पाहिले पाहिजे. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली होती. जुलैच्या अखेरीस नातू बंधूंना चौकशीवाचून स्थानबद्ध करण्यात आले, टिळकांना पकडण्यात आले आणि सप्टेंबरात राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सजा झाली. ज्या शहरात तोंड उघडणाऱ्याची ही गत, तेथे साक्षीदार कोठून येणार? 'कोणाचीही तक्रार नाही' या वाक्याला किंमत असते ती तक्रार करणारा निर्भय असेल तरच. सरकारच्या त्या इन्कारात कदाचित काही तथ्य असेलही. पण ते तपासून पाहण्याची वाट सरकारनेच बंद केली होती. म्हणून गोखल्यांच्या माफीनंतरही पुणेकरांची सरकारवर श्रद्धा बसली नाही.

मद्रासचा अनुभवही निराळा नाही. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो व विशाखापट्टण येथे जपानी बॉम्ब पडले, आणि जपानी आरमार मद्रासवर चालून येत आहे अशा समजुतीने सरकारी कचेऱ्या आतल्या गावी हलविण्यात आल्या. धीर धरण्याचे उपदेश कोण ऐकतो? दप्तराच्या पेट्या स्टेशनवर निघालेल्या पाहून लाखो लोक शहर सोडून गेले. आरमार आलेच नाही.

स्वराज्य आले तरी दारावरचा पहारेकरी गेला नाही. मुंबईस छापल्या जाणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकास १ मार्च १९५० रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात येऊन सव्वा महिना होतो न होतो तोच, मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली. संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २६ मे रोजी न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरविली. बहुमताचा निकाल लिहिणारे पतंजली शास्त्री हे मद्रासचेच. परंतु पुढल्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण घटनेत दाखल झाले. सुव्यवस्था हवी यात वाद नाही. तथापि बाहेरचे वृत्तपत्र अडविल्याने घरच्या पत्रकावरील विश्वास वाढल्याचे उदाहरण मला तरी इतिहासात सापडले नाही.

उलट उदाहरण मात्र आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा तमिळनाडूने १९९७ साली केला, महाराष्ट्राने २००२ साली आणि केंद्राने २००५ साली. अशा मार्गाने मिळविलेल्या कागदांवरूनच २०१७ साली येथील लोकांना कळले की, किनाऱ्याच्या एका नकाशात त्यांच्या खाडीचा मोठा भाग खाडी म्हणून दाखविलेलाच नाही. १९९६ च्या मंजूर नकाशात मात्र तो होता. एका सरकारी कागदाची चूक दुसऱ्या सरकारी कागदानेच दाखविली. सरकारच्या शब्दाला थोडी पत उरली असेल तर ती अशा उघड्या दप्तरामुळे.

२६ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्री समुद्रातील नळातून अमोनिया सुटला, तेव्हा पेरियकुप्पमचे लोक मुलाबाळांसह अंधारात धावत सुटले. एकमेकांची दारे ठोठावून त्यांनी शेजाऱ्यांस उठविले. सरकारी सूचनेची वाट पाहत ते बसले नाहीत, आणि बसले नाहीत हेच बरे झाले. परंतु उद्या खरोखरीच 'घरातच थांबा' असे सांगणे हिताचे ठरले, तर ते कोण ऐकणार? अविश्वासाची खरी किंमत अशा रात्री भरावी लागते, आणि ती भरतात कोळीवाड्यातील माणसे.

पूर्वीच्या एका कार्यालयात मी एका तक्रारीवर 'माहिती घेण्यात येत आहे' असा मसुदा ठेवला होता. वरून तो 'आरोप निराधार आहे' असा होऊन परत आला. माहिती कोणी घेतली नव्हती. मी स्वच्छ प्रत केली आणि आद्याक्षरी घातली. १९६४ च्या वर्तणूक नियमांनी आपणा नोकरांस बाहेर टीका करण्याची मनाई केली आहे, आणि ती मी पाळतो. परंतु टिपणीवर 'याची चौकशी झालेली नाही' असे लिहिण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. ते मी लिहिले नाही. अक्कांच्या प्रश्नाला माझ्यापाशी अजून उत्तर नाही. पुढचा मसुदा करताना मात्र तो प्रश्न आधी स्वतःस विचारीन, एवढेच म्हणतो.