पन्हाळ्याचा राजा भोज



‘राजा भोज कोण?’ असा प्रश्न मी वर्गांत पुष्कळ वर्षें विचारीत आलों, आणि उत्तर बहुधा एकच येई : ‘धारेचा!’ उत्तर चूक नव्हे. धारेचा परमार भोज विद्येसाठीं सर्व भरतखंडांत गाजला. परंतु करवीर प्रांतांतल्या मुलांस दुसरा भोज ठाऊक नसावा, याचें मनाला वाईट वाटे. आमच्या उचगांवाहून सात-आठ कोसांवर पन्हाळगड आहे. तेथें सुमारें ११७५ पासून १२१२ पर्यंत शिलाहार कुळांतला भोज राज्य करीत होता. त्याचा एक चुलत आजाही भोजच होता, म्हणून इतिहासकार यास दुसरा भोज म्हणतात.

ज्या वर्षांत हा भोज पन्हाळ्यावर होता, त्याच वर्षांत युरोपांतील सर्बिया नांवाच्या डोंगराळ देशांत स्तेफान नेमान्या राजकुळाचा पाया घालीत होता. ११९६ मध्यें त्यानें राज्य सोडून संन्यास घेतला व ११९९ मध्यें हिलांदारच्या मठांत देह ठेवला. वडील दोघे मुलगे गादीसाठीं भांडूं लागले, तेव्हां धाकटा सावा, जो पूर्वींच भिक्षु झाला होता, पित्याच्या अस्थि घेऊन स्वदेशीं आला व भावांत समेट घडवून आणला. याच सावानें पित्याचें चरित्र लिहिलें. त्यामुळें तो राजा अंतकाळीं कसा वागला हें आठशें वर्षांनंतरही वाचतां येतें. आमच्या भोजास असा चरित्रकार लाभला नाहीं. त्याचें जें कांहीं कळतें तें दानपत्रांवरून, एका व्याकरणग्रंथावरून, आणि शत्रूच्या बिरुदावळींतून!

आधीं कूळ पाहूं. शिलाहार स्वतःस जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत. श्रीहर्षाचें ‘नागानंद’ नाटक ज्यांनीं वाचलें असेल त्यांस ती कथा आठवेल. गरुडाला रोज एक नाग भक्ष्य द्यावयाचा असे ठरलें होतें. एके दिवशीं शंखचूड नांवाच्या नागाची पाळी आली. तो आईचा एकुलता एक मुलगा. तिचा आक्रोश ऐकून जीमूतवाहन हा विद्याधरकुमार स्वतःच त्या वध्यशिलेवर जाऊन बसला. शिलेवरचा आहार तो शिलाहार, अशी नांवाची फोड सांगत. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, नागाचा प्राण वांचविणारा पुरुष आपला मूळपुरुष म्हणून सांगण्यांत त्यांना अभिमान वाटे, हें खास. त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड असे, आणि आमची महालक्ष्मी ही त्यांची वरदायिनी देवता. ही गरुडाची गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिचें काम आहे.

या घराण्याची तीन शाखांत वांटणी आहे : ठाण्याची, दक्षिण कोंकणची व ही कऱ्हाड-कोल्हापूरची. आपल्या शाखेंत मारसिंह नांवाचा राजा अकराव्या शतकाच्या मध्यास झाला. त्याचा १०५८ चा ताम्रपट मिरजेस मिळाला. कऱ्हाडाधिपाची कन्या चंद्रलेखा, जिला इतिहासकार या मारसिंहाचीच कन्या मानतात, तिनें स्वयंवरांत कल्याणच्या चालुक्य विक्रमादित्यास वरिलें. बिल्हण कवीनें आपल्या विक्रमांकदेवचरितांत या प्रसंगावर मोठी लेखणी झिजविली आहे. पण त्याहून गमतीची गोष्ट कल्हणाच्या राजतरंगिणींत आहे. काश्मीरच्या हर्षराजानें या राणीचें नुसतें चित्र पाहिलें आणि तिच्यासाठीं कर्णाटकावर स्वारी करण्याची प्रतिज्ञा भर दरबारांत केली! स्वारी अर्थातच झाली नाहीं. कल्हणानें मात्र आपल्या राजाची मनसोक्त थट्टा करून घेतली. आमच्या कृष्णाकांठच्या मुलीचें नांव वितस्तेच्या कांठीं असें पोंचलें होतें.

मारसिंहाला पांच मुलगे. गूवल, गंगदेव, बल्लाळ, भोज व गंडरादित्य. यांतला गंडरादित्य हा आपल्या भोजाचा आजा. शके १०३२ म्हणजे इ. स. १११० च्या त्याच्या ताम्रपटांत एक हकीकत आहे. त्यानें मिरज प्रांतांत ‘गंडसमुद्र’ नांवाचें मोठें तळें बांधिलें आणि त्याच्या कांठीं शंकर, बुद्ध व जिन अशा तिन्ही देवतांची स्थापना करून तिघांसही जमिनी दिल्या. त्याचा सामंत निंबदेव कट्टर जैन. त्यानें कोल्हापुरांत बस्ती बांधिली व तिला आपल्या धन्याच्या ‘रूपनारायण’ या बिरुदाचें नांव दिलें. गंडरादित्याचा मुलगा विजयादित्य हा लढवय्या. सुमारें ११५६-५७ त बिज्जल कलचुरीनें चालुक्यांचें सिंहासन बळकाविलें, त्यांत यानें बिज्जलास हात दिला. ज्या घरांत आपल्या कुळाची मुलगी पट्टराणी होऊन नांदली, तेंच घर उलथून टाकण्यास मदत करावी, हें राजकारण आम्हां गृहस्थांच्या पचनीं पडणें कठीणच.

भोज गादीवर आला तेव्हां दक्षिणेंत धनी कोण याचाच पत्ता नव्हता. कलचुरी मावळले, चालुक्य परतले पण टिकले नाहींत. उत्तरेकडून देवगिरीचे यादव आणि दक्षिणेकडून होयसळ राज्य तोडून घेत होते. या गडबडींत भोजानें मांडलिकपणाचें जूं झुगारलें. ११९१ त त्यानें कोंकणांतील कशेळी गांव ब्राह्मणभोजनासाठीं दान दिलें. तो ताम्रपट तेथील कनकादित्याच्या देवळांत आहे. १२०५ मध्यें आजऱ्यास, आजानें बांधिलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयांत बसून, सोमदेव नांवाच्या जैन पंडितानें ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पुरा केला. ग्रंथाच्या शेवटीं तो राजाला ‘पश्चिमचक्रवर्ती वीरभोजदेव’ म्हणतो. चक्रवर्ती! घाटमाथ्याचे कांहीं किल्ले आणि खालचें थोडें कोंकण, एवढ्यावर ही पदवी मोठीच. तरी एक शिक्षक म्हणून मी भोजाला या एका ग्रंथासाठीं बरेंच माफ करीन. स्वारीचें सावट डोक्यावर असतां ज्याच्या राज्यांत आजऱ्यासारख्या गांवीं कोणी निवांत व्याकरण लिहितो, त्याची राजवट वाईट नसावी.

सात वर्षांनीं, सुमारें १२१२ त, यादव सिंघण चालून आला आणि पन्हाळा पडला. ती लढाई कशी झाली याचें शिलाहारांकडून एक अक्षर नाहीं. बोलतात ते जिंकणारे. यादवांच्या लेखांत सिंघणाचें एक बिरुद येतें : पन्हाळ्यावर राहणाऱ्या प्रबळ भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा पक्षिराज गरुड. आतां ती पहिली कथा आठवा. नागाला गरुडापासून सोडविणाऱ्याचा वंशज, स्वतःच्या ध्वजावर गरुड मिरविणारा, त्यालाच साप करून टाकिला! यादवांचेंही चिन्ह गरुडच, हें खरें. पण शिलाहारांची वंशकथा त्या लेखकास ठाऊक नव्हती असें मला वाटत नाहीं. ‘प्रबळ’ हा एक शब्द मात्र त्याच्याकडून भोजाला मिळून गेला.

त्यावर कडी केली ती हेमाद्रि पंडितानें. भोजाचें राज्य बुडाल्यावर अर्धशतकानें, यादवांच्या पदरीं असतां, त्यानें आपल्या राजप्रशस्तींत लिहिलें कीं सिंघणानें भोजराजाला तुरुंगाचा कुटुंबी, म्हणजे तेथला संसारी गृहस्थ, करून बसविलें. पांच भावांचें, स्वयंवराचें, तीन देवळांचें हें घर. त्याच्या शेवटच्या पुरुषाच्या कुटुंबाविषयीं वाङ्मयांत जो शब्द उरला तो हा, शत्रूच्या विनोदाचा. भोजानंतर पन्हाळ्याच्या गादीवर शिलाहार राजा दिसत नाहीं.

आज पन्हाळ्यावर वाटाडे सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभु यांच्या कथा सांगतात, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. एखादा पुष्कळ विचारल्यावर ‘गड भोजराजानें बांधला’ एवढें म्हणतो. खिद्रापूरला कृष्णेच्या कांठीं कोपेश्वराचें देऊळ पाहावयास जाल, तर तेथें सिंघणाचा शिलालेख आहे, शके ११३६ चा. म्हणजे पन्हाळा पडून पुरतीं दोन वर्षें झालीं न झालीं, तोंच शिलाहारांच्या मुलुखांतल्या देवाला नवा राजा गांव इनाम देत होता.