युरेनियम ऑक्साइडांच्या प्रावस्था : क्ष-किरण वर्णपटमिती आणि आयर्लंड

युरेनियम व ऑक्सिजन यांच्या संयुगांचे एक मोठे कुटुंब. खाणीतले पिचब्लेंड, अणुभट्टीतले इंधन आणि वापरून झालेल्या इंधनाचा साठा या तिन्ही ठिकाणी मुख्यतः हीच संयुगे असतात. ऑक्सिजनचे प्रमाण व तापमान बदलले की त्यांची प्रावस्था, म्हणजे घटक व स्फटिकरचना यांनी ठरणारे रूप, बदलते. अशा बदलात युरेनियमच्या अणूंची संयुजा काय होते, हे ठरवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे क्ष-किरण वर्णपटमिती. आयर्लंडमध्ये अणुवीजकेंद्र नाही आणि अशा मोजमापांना लागणारे तीव्र क्ष-किरण देणारा सिंक्रोट्रॉनही नाही. तरीही या विषयाशी त्या देशाचा संबंध शतकाहून जुना आहे.

या ऑक्साइडांनी रसायनशास्त्रज्ञांना पहिल्यापासून चकवले. १७८९ मध्ये मार्टिन क्लापरोट यांनी पिचब्लेंडपासून काळी पूड मिळवली व ती नवी धातू मानली. १८४१ मध्ये यूजेन पेलिगो यांनी खरी धातू वेगळी केली, तेव्हा ती पूड ऑक्साइड होती हे उघड झाले. म्हणजे बावन्न वर्षे एक संयुग मूलद्रव्य म्हणून नांदले.

डायऑक्साइड (यूओ२) हे या मालिकेतले सर्वांत कमी ऑक्सिजनचे परिचित, स्थिर घन रूप. त्याची स्फटिकरचना फ्ल्युओराइटची असून ते सुमारे २,८५० अंश सेल्सियसला वितळते. त्याच्या जालकात मोकळ्या जागा असल्यामुळे जादा ऑक्सिजन आत शिरतो. त्यातून यू४ओ९, यू३ओ७, यू३ओ८ आणि शेवटी ट्रायऑक्साइड (यूओ३) अशी रूपे मिळतात. सुरुवातीला ऑक्सिजन घेताना जालक किंचित आक्रसते. यू३ओ८ होताना मात्र आकारमान मूळच्या तुलनेत सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते, इंधनाची घट्ट गोळी लाहीसारखी फुगून फुटते आणि गोळ्या ठेवलेल्या धातूच्या नळीला चीर असेल तर ती चीर रुंदावते. म्हणूनच इंधनाच्या गोळ्या हायड्रोजनयुक्त वातावरणात सुमारे १,७०० अंशांना भाजतात, म्हणजे युरेनियम-ऑक्सिजनचे प्रमाण १ : २ च्या जवळ राहते. वापरलेले इंधन कोरडे साठवतानाही हवेचा शिरकाव टाळावा लागतो.

प्रावस्था ओळखण्याची रूढ पद्धत म्हणजे क्ष-किरण विवर्तन. पण युरेनियमच्या अणूत ९२ इलेक्ट्रॉन व ऑक्सिजनच्या अणूत ८, त्यामुळे विवर्तनात युरेनियम ठळक दिसतो आणि ऑक्सिजन जवळजवळ हरवतो. ही उणीव न्यूट्रॉन विवर्तनाने बरीच भरून निघाली. इंग्लंडमधील हारवेल येथे बी. टी. एम. विलिस यांनी जादा ऑक्सिजन जालकात सुटा सुटा न बसता पुंजक्यांनी बसतो, असे दाखवले. संयुजेचा प्रश्न तरीही उरलाच. यू३ओ८ मध्ये तीन युरेनियम अणूंच्या संयुजांची बेरीज १६ यायला हवी. ती ४ + ६ + ६ अशी येते, तशी ५ + ५ + ६ अशीही येते. यू४ओ९ मध्येही तेच : एकूण १८, आणि त्यासाठी तीन ४ व एक ६, किंवा दोन ४ व दोन ५. नुसत्या गणिताने निवाडा होत नाही. पाठ्यपुस्तकांत पाच संयुजेला फारसे महत्त्व मिळाले नव्हते, कारण पाण्यातल्या द्रावणात ती टिकत नाही.

निवाडा वर्णपटाने झाला. ज्या ऊर्जेला क्ष-किरणांचे शोषण एकदम वाढते ती शोषणसीमा; युरेनियमची एल-३ शोषणसीमा १७,१६६ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ असते. ती मोजायला सोयीची, पण आतल्या कवचातली पोकळी फार अल्पकाळ टिकत असल्याने रेषा सात-आठ इलेक्ट्रॉन-व्होल्टांनी पसरते आणि संयुजांतले बारकावे त्यात बुडून जातात. ३,७२८ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळची एम-४ सीमा अधिक बोलकी आहे. येथे इलेक्ट्रॉन थेट ५-एफ कक्षांत जातो आणि युरेनियमचे रसायन बरेचसे त्याच कक्षांवर अवलंबून असते. शोषणानंतर बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांतील एकच अरुंद पट्टा स्फटिकांनी निवडून मोजला की पसरटपणा खूप कमी होतो. ग्रनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनवर क्रिस्टिना क्वाश्निना व सहकाऱ्यांनी ही पद्धत वापरली. २०१३ मध्ये त्यांनी दाखवले, की यू४ओ९ मध्ये ४ व ५ आणि यू३ओ८ मध्ये ५ व ६ संयुजेचे अणू आहेत. पुढे यू३ओ७ मध्येही ४ व ५ याच संयुजा सापडल्या. ऑक्सिडीभवन ४ वरून थेट ६ वर उडी घेत नाही, ५ वर थांबते. माझ्या मते या क्षेत्रातला गेल्या काही दशकांतला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे. भारतात इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या क्ष-किरण शोषणाच्या शलाकांवर एल-३ सीमेची मोजमापे करता येतात.

आयर्लंडचा धागा जॉन जोली (१८५७-१९३३) यांच्यापासून सुरू होतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील या भूवैज्ञानिकाने लेन्स्टर ग्रॅनाइटच्या अभ्रकातील सूक्ष्म रंगीत वलये युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गाने उमटतात, हे ओळखले. १९१३ मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांच्यासह त्यांनी या वलयांवरून खडकांचे वय काढण्याविषयी लेख लिहिला. क्ष-किरण स्फटिकशास्त्रातील दोन मोठी नावेही आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांची आहेत : जे. डी. बर्नाल (नीना, १९०१) आणि कॅथलीन लॉन्सडेल (न्यूब्रिज, १९०३). कार्य मात्र दोघांनीही इंग्लंडमध्ये केले.

प्रत्यक्ष युरेनियमच्या वर्णपटाचे महत्त्वाचे काम युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये झाले. पी. के. कॅरोल व जॉन कॉस्टेलो यांनी लेसरने दोन प्लाझ्मा निर्माण केले. एक प्रकाशस्रोत म्हणून, दुसरा मोजायच्या बाष्पासाठी. या युक्तीने त्यांनी १९८६ मध्ये थोरियमच्या व १९८७ मध्ये युरेनियमच्या मुक्त अणूंचे टोकाच्या जंबुपार भागातले शोषण नोंदवले. हे ऑक्साइड नव्हे, पण ५-एफ कक्षांचा मूळ स्वभाव समजायला मुक्त अणूंचा वर्णपट लागतोच. ट्रिनिटीतील रॉबर्ट बेकर यांनी युरेनियमच्या रसायनावर दीर्घकाळ काम केले. २०१४ मधील त्यांचा आढावा-लेख युरेनियमची खनिजे व इंधनाची दीर्घ साठवण यांच्या संबंधावर आहे. ओल्या साठ्यात किरणोत्सर्गाने पाणी फुटून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि डायऑक्साइडवर स्टुटाइटसारखी पेरॉक्साइडयुक्त खनिजे चढतात. साठवणीचा हिशेब मांडताना ही साखळी वगळता येत नाही.

आयर्लंडला हा विषय दूरचा नाही. वेक्सफर्डमधील कार्नसोर पॉइंट येथील नियोजित अणुवीजकेंद्र १९७०च्या दशकाअखेरच्या आंदोलनांनंतर बारगळले. पण आयरिश समुद्रापलीकडे सेलाफील्डला युरेनियम व प्लुटोनियमच्या मिश्र ऑक्साइडाचा कारखाना उभा राहिला आणि आयर्लंडने त्याविरुद्ध २००१ मध्ये हॅम्बर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. न्यायाधिकरणाने काम थांबवले नाही, दोन्ही देशांना सहकार्याचा आदेश दिला. २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने, हा वाद युरोपीय संघाबाहेर नेला म्हणून, आयर्लंडलाच दोषी ठरवले. कारखाना बंद करण्याचा निर्णय २०११ मध्ये जाहीर झाला. आयर्लंडच्या १९९९ च्या वीज नियमन कायद्याने अणुविखंडनातून वीजनिर्मितीला मनाई केली आहे. ती मनाई विजेपुरतीच आहे, युरेनियमवरील संशोधनाला लागू नाही.