ओकापी वन्यजीव अभयारण्य

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ईशान्य भागातील एक विस्तीर्ण संरक्षित प्रदेश. क्षेत्रफळ सु. १३,७२६ चौ. किमी. इतुरी या उष्ण कटिबंधीय वर्षावनाचा सु. एक-पंचमांश भाग त्याने व्यापला आहे. जिराफाच्या कुलातील ओकापी हा लाजाळू प्राणी येथील म्बुती व एफे या शिकारी जमातींना पूर्वापार परिचित होता. तथापि प्राणिशास्त्रज्ञांना त्याची ओळख हॅरी जॉन्स्टन याने मिळविलेल्या कातडीवरून व कवट्यांवरून १९०१ मध्ये पटली. परदेशी प्राणिसंग्रहालयांसाठी ओकापी पकडण्याचे केंद्र एपुलू येथे १९५२ मध्ये स्थापन झाले. ओकापीखेरीज वनहत्ती, चिंपँझी, बिबळ्या इ. प्राणी या अरण्यात आढळतात.

अभयारण्य १९९२ मध्ये घोषित झाले व १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. परंतु युद्ध व लूटमार यांमुळे १९९७ मध्येच त्याची गणना संकटग्रस्त स्थळांत करावी लागली. हस्तिदंतासाठी होणारी चोरटी शिकार व सोन्याच्या बेकायदा खाणी यांना वनरक्षकांनी पायबंद घातल्याने सशस्त्र टोळीने २४ जून २०१२ रोजी एपुलूवर सूडाचा हल्ला केला. त्यात माणसांबरोबरच केंद्रातील १४ ओकापीही बळी पडले. ज्या दुर्गमतेने ओकापीला दीर्घकाळ आश्रय दिला, तीच कायद्याच्या अंमलबजावणीतील मोठी अडचण ठरली आहे.