लेकीची परीक्षा

श्रोतेहो, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इकडच्या लहानशा खोल्यांतूनही हल्ली मुलांची अभिनयाची चाचणी मोबाइलवर चित्रित करून धाडतात. रीत नवी वाटते खरी. पण दादासाहेब फाळक्यांचा १९१९ मधला ‘कालिया मर्दन’ पाहा. त्यात बाळकृष्ण झाली आहे त्यांचीच मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी ती पडद्यावर येऊन नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव दाखवते. मग तिचा कृष्ण होतो. बापाने प्रेक्षकांपुढेच लेकीची परीक्षा मांडली म्हणायची!

तेव्हा चित्रपट मुका. सारी भिस्त चेहऱ्यावर, आणि चेहरा दिसायचा तर उजेड हवा. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. तुम्हीही मुलाला खिडकीच्या कडेला बसवा. चेहऱ्याची जी बाजू अंधारात राहील, तिकडे चादर धरा.

आवाजाचं दुखणं मात्र फाळक्यांना नव्हतं, ते आपलं. लोकल धडधडत गेली की पोराचं वाक्य बुडालंच! गाडी जाऊ द्या, मग बोलू द्या. आणि पोर कंटाळलं, तर त्या दिवशी मोबाइल ठेवून द्या.