शब्दवेध : एपिकॅरिडिया

ग्रीक भाषेत ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘कॅरिस’ म्हणजे कोळंबी. या दोहोंच्या संयोगाने, समपाद कवचधारींपैकी जे जीव इतर कवचधारींच्याच देहावर उपजीविका करतात, त्यांच्या गटास ‘एपिकॅरिडिया’ ही संज्ञा प्राप्त झाली. त्यांतील ‘बोपायरस’ ही प्रजाती लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०२ साली शास्त्राच्या दप्तरी दाखल केली. नावात ‘वर’ असले, तरी हिची मादी कोळंबीच्या पृष्ठकवचाखाली, कल्ल्यांच्या कप्प्यात ठाण मांडते, त्यामुळे ते कवच एका बाजूस गळवासारखे फुगते. कोळंबीचा रक्तद्रव शोषणाऱ्या या मादीचा देह एका अंगास वाकडा होतो, आणि तिच्या उदराला बिलगलेला इवलासा नर मात्र सममितच राहतो. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोळी तिला चपट्या माशाचे पिल्लू समजत. बाजारातल्या कोळंबीचा एक गाल फुगीर दिसल्यास वाचकांनी ते कवच उचलून अवश्य पाहावे.