भूछत्राची पारख

मृगाच्या सरी पडून गेल्या, आर्द्राही सरल्या आणि आकाशात मेघांचा गडगडाट सुरू झाला, की पांढुर्णा-सौंसर भागातील बांधांवर, वारुळांच्या आसपास आणि सागाच्या रानात पांढऱ्या छत्र्या भूमी फोडून वर येऊ लागतात. कोकणात त्यांस अळंबी म्हणतात, विदर्भात सात्या अथवा टेकोडे, तर मंडला-बालाघाटकडील हिंदी मुलखात पिहरी. ज्यांची ओळख पटत नाही, त्यांना मात्र सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून बाजूस सारण्यात येते. एकाच पावसाने वर आलेल्या दोन छत्र्यांपैकी एक कढईत जाते आणि दुसरी टाकून दिली जाते. हा निवाडा मनुष्याने कशाच्या आधारावर केला, हा अन्नाच्या इतिहासातील मोठा कुतूहलाचा प्रश्न आहे. तो केवळ कुतूहलाचाच आहे असेही नव्हे. कारण या निवाड्यात चूक झाली तर ती सुधारण्यास पुष्कळदा अवसर मिळत नाही.

आपल्या प्राचीन ग्रंथांत या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे आढळतात. मनुस्मृतीने लसूण आणि कांदा यांच्याच पंक्तीला ‘कवक’ बसवून ते द्विजांना वर्ज्य ठरविले. हा निषेध सर्व भूछत्रांना सारखाच लागू होता. त्यात विषारी कोणते आणि निर्विष कोणते, असा विचार नव्हता. वैद्यांची दृष्टी याहून वेगळी होती. सुश्रुतसंहितेत भूमीतून उगवणाऱ्या या ‘उद्भिद’ भाज्यांची विभागणी त्या कशावर उगवतात यावरून केलेली दिसते: भाताच्या पेंढ्यावरील, उसावरील, शेणावरील, वेळूवरील आणि मातीतील. चरकसंहितेत सर्पच्छत्र तेवढे वगळून भूछत्राच्या इतर पुष्कळ जाती शीत, मधुर व पचण्यास जड सांगितल्या असून त्यांनी पडसे होते, असेही म्हटले आहे. धर्मशास्त्राने सर्वांवर एकच बंदी घातली, तर वैद्यकाने जाती वेगळ्या केल्या आणि उगवण्याच्या जागेकडे लक्ष वेधले. सुश्रुताने दाखविलेली ही वाट किती योग्य होती, ते पुढील काळाच्या अनुभवावरून दिसून येते.

पाश्चात्त्य जगातही आरंभी असाच गोंधळ होता. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात असे लिहून ठेवले, की गंजलेल्या खिळ्यांजवळ, कुजक्या चिंध्यांजवळ किंवा सापाच्या बिळापाशी उगवलेली भूछत्रे विषारी होतात. विष बाहेरून लागते, ही त्यामागील समजूत होती. त्याच शतकात, इसवी सन 54 मध्ये, रोमचा सम्राट क्लॉडियस मरण पावला. त्याची पत्नी अग्रिपिना हिने भूछत्रांच्या पक्वान्नातून त्यास विष घातले, असे प्राचीन इतिहासकार सांगतात. या भूछत्राला रोमन लोक ‘बोलेटस’ म्हणत. ते नाव त्या काळी नारिंगी रंगाच्या एका निराळ्याच भूछत्राचे होते. पुढे शास्त्रज्ञांनी ते उचलून दुसऱ्याच कुळास दिले. नाव तेच राहिले आणि वस्तू बदलली. भूछत्रांच्या बाबतीत केवळ नावावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे दाखविण्यास एवढे एकच उदाहरण पुरेसे व्हावे.

आज ज्यास बोलेट म्हणतात त्या कुळाची खूण अगदी सोपी आहे. साध्या भूछत्राची टोपी उलटी करून पाहिली, तर खाली पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे दिसतात. बोलेटच्या टोपीखाली पापुद्रे नसतात. तेथे असंख्य बारीक नळ्या असून त्यांची तोंडे चाळणीच्या भोकांसारखी दिसतात. टोपी जाड, मांसल व पावासारखी फुगीर असते आणि देठही पुष्कळदा भक्कम असतो. 1753 साली लिनियसने छिद्रे असलेली सर्वच भूछत्रे ‘बोलेटस’ या एका नावाखाली गोळा केली. 1782 साली बुलियार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांतील एका जातीस ‘खाद्य बोलेट’ असे नाव दिले. इटालियन लोकांचे सुप्रसिद्ध ‘पोर्चिनी’ ते हेच. 1831 साली जर्मनीतील लेंझ याने त्याच कुळातील तांबड्या छिद्रांच्या एका जातीस थेट ‘सैतान’ हे विशेषण बहाल केले. ती खाल्ल्याने लोक आजारी पडल्याची वृत्ते त्याच्या कानी आली होती, आणि तिचे वर्णन करीत असता तिच्या नुसत्या वासानेच त्यास स्वतःलाही अस्वस्थ वाटले, असे सांगतात. याप्रमाणे एकाच कुळात अर्ध्या शतकाच्या आत एक जात पक्वान्न ठरली आणि दुसरी सैतान ठरली.

मग या दोहोंत भेद कसा करावयाचा? बोलेट कापले असता पुष्कळ जातींचा गर पाहता पाहता निळा पडतो. हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात शंका उत्पन्न करते आणि निळे पडते ते विषारी, असा नियम त्यावरून अनेक देशांत रूढ झाला. वस्तुतः गरातील काही द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन हा रंग येतो. विषाशी त्याचा नियत संबंध नाही. निळ्या पडणाऱ्या कित्येक जाती युरोपात व चीनमध्ये शिजवून खाल्ल्या जातात. चीनच्या युन्नान प्रांतात अशा निळ्या पडणाऱ्या बोलेटची बाजारात मोठी विक्री होते; मात्र ती अर्धवट शिजली, तर खाणाऱ्यास डोळ्यांपुढे इवलीइवली माणसे नाचताना दिसतात, अशी तेथे ख्याती आहे. तांबडी छिद्रे असली म्हणजे धोका, हा नियमही सर्वत्र खरा ठरत नाही. कोणतीही एकच खूण सबंध कुळास पुरत नाही. प्रत्येक जात स्वतंत्रपणे ओळखावी लागते. आणि जाती तरी किती? 2014 साली इंग्लंडातील क्यू येथील शास्त्रज्ञांनी लंडनच्या दुकानात विकावयास असलेले वाळविलेल्या चिनी पोर्चिनीचे एक पुडके तपासले, तेव्हा त्या एकाच पुडक्यात शास्त्रास तोवर नावानिशी ठाऊक नसलेल्या तीन जाती निघाल्या!

भारतातील बोलेटचा अभ्यास हिमालयापासून सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जोसेफ हूकर याने सिक्कीमकडून पाठविलेल्या नमुन्यांवरून बर्कले या इंग्रज कवकशास्त्रज्ञाने त्यांची पहिली वर्णने लिहिली. 1996 साली सिमल्याचे प्राध्यापक लखनपाल यांनी भारतातील बोलेट कुळावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात हे काम पुण्यास झाले. प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने 1946 साली तेथे उभ्या राहिलेल्या संस्थेतून, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेतून, नैर्ऋत्य भारतातील भूछत्रांवरील ग्रंथ 1980 च्या सुमारास बाहेर पडला.

आता सातपुड्याकडे वळावयाचे, तर सौंसर-पांढुर्ण्याच्या रानात पोर्चिनीसारखे बोलेट दिसत नाहीत. ते का, हे पाहिले पाहिजे. त्याचे उत्तर झाडांच्या मुळांशी आहे. 1885 साली फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने असे दाखविले, की कित्येक वृक्षांची कोवळी मुळे बुरशीच्या तंतूंनी आच्छादिलेली असतात. तंतू झाडास पाणी व क्षार पुरवितात आणि झाड त्यांस साखर देते. प्रशियाच्या सरकारने त्यास जमिनीखालील खाद्य कवकांची लागवड करता येईल काय, हे पाहण्यास सांगितले होते. ते काम करीत असता हा शोध त्याच्या हाती लागला. बहुतेक बोलेट याच प्रकारे जगतात. पाइन, ओक, देवदार यांच्या संगतीने थंड प्रदेशात आणि आपल्याकडे साल वृक्षाच्या संगतीने मध्य भारतात त्यांचा निर्वाह होतो. सागाच्या मुळांशी मात्र निराळ्याच सूक्ष्म बुरशीचे सख्य असते आणि तिला छत्री येत नाही. यास्तव साग व साल यांची सीमा हीच पुष्कळ अंशी बोलेटचीही सीमा होय.

ही सीमा मध्यप्रदेशातून जाते. मंडला-बालाघाटचे पूर्वेकडील अरण्य सालाचे आहे. कॅप्टन फोर्सिथ याने 1871 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे नमूद केले, की पंचमढीच्या पायथ्याशी देनवा नदीच्या खोऱ्यात सालाचे एक एकटे बेट शिल्लक असून पूर्वेकडील सालवनातले बारशिंगे आणि रानकोंबडेही त्या बेटात आढळतात. त्याच्या दक्षिणेस, घाटाखाली उतरलेल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात कन्हान आणि जाम या नद्यांच्या काठी काळी जमीन, संत्र्यांचे बगीचे आणि टेकड्यांवर सागाचे रान आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी बोलणारा भाग मध्यप्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याच्या सीमेने येथील भाषा बदलली नाही, तसे रानही बदलले नाही. भूछत्रांच्या दृष्टीने हा मुलूख नागपूर-वर्ध्याचाच सोबती आहे.

या मुलखातील खरे खाद्य भूछत्र वारुळातून येते. वाळवीच्या काही जाती जमिनीखाली पाल्याकाष्ठांच्या चोथ्याची, पोळ्यासारखी जाळीदार बाग रचून तीवर बुरशी वाढवितात व तिच्यावर आपली उपजीविका करतात. कोनिग या निसर्गशास्त्रज्ञाने 1779 साली तंजावरकडील वाळवीविषयी लिहिताना वारुळातील या बुरशीची नोंद केली. पावसाळ्यात याच बागेतून देठ निघून वर येतात आणि छत्री उघडते. 1942 साली फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम याने या भूछत्रांस ‘टर्मिटोमायसीस’, म्हणजे वाळवीची बुरशी, असे नाव दिले. जाणती माणसे सात्या खुडीत नाहीत; देठाशी माती उकरून हलक्या हाताने उपसतात. देठ मुळासारखा निमुळता होत खोल वारुळापर्यंत जातो. टोपीच्या मध्यावर टोक असते. सुश्रुताने सांगितलेला उगवण्याच्या जागेचा विचार येथे प्रत्यक्ष हाताने पडताळला जातो.

संकट येते ते ही पडताळणी सुटली म्हणजे. गवताळ पडीत जागी पावसाळ्यात एक मोठी, पांढरी, डौलदार छत्री उगवते. तिचे पापुद्रे कोवळेपणी शुभ्र असतात आणि जून झाल्यावर हिरवट पडतात. ती खाल्ल्याने थोड्याच तासांत भयंकर वांत्या व जुलाब होतात. तिचा देठ वारुळात उतरत नाही. परंतु वरवर पाहणाऱ्यास ती सात्यांसारखीच भासते. अशा वेळी लोक घरगुती परीक्षांचा आश्रय घेतात. शिजविताना चांदीचा रुपया टाकावा व तो काळा न पडल्यास खावे; लसूण टाकावी; किड्यांनी कुरतडलेले असल्यास निर्धास्त असावे. या सर्व परीक्षा खोट्या आहेत. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. भूछत्रांतील जीवघेण्या विषाचा तीवर काहीही परिणाम होत नाही. जे विष माणसास मारते, ते किड्यास अथवा गोगलगायीस बाधेलच असे नाही. उकळण्यानेही ते विष नाहीसे होत नाही.

या जीवघेण्या विषाचे स्वरूप जाणून घेणे अवश्य आहे. ‘अमानिटा’ या जातीवर्गातील काही पांढऱ्या व हिरवट भूछत्रांत ते असते. त्यांची ओळख म्हणजे खाली पापुद्रे, देठावर कडे आणि देठाच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण. खाल्ल्यानंतर बहुधा सहा ते बारा तास, क्वचित त्याहूनही अधिक वेळ, काहीच होत नाही. मग वांत्या व जुलाब लागतात. दुसऱ्या दिवशी रोग्यास बरे वाटू लागते. आणि याच फसव्या विसाव्यात यकृताचा नाश चाललेला असतो. आग्नेय आशियातून अमेरिकेत जाऊन राहिलेल्या कित्येक कुटुंबांवर हाच प्रसंग ओढवला. मायदेशी ते भाताच्या पेंढ्यावरील भूछत्र खात असत. त्याच्याही बुडाशी तसेच आवरण असते. कॅलिफोर्नियातील ओकच्या झाडांखाली तशीच छत्री पाहून त्यांनी ती आनंदाने घरी आणली आणि काहींनी प्राण गमावले. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. ते दुसऱ्या भूमीचे होते.

सातपुड्यातही हेच लागू पडते. सालाच्या रानात वाढलेला मनुष्य कामधंद्यासाठी सागाच्या मुलखात येतो, सागाच्या मुलखातला मनुष्य सालाच्या रानात जातो, आणि दोघांच्याही बरोबर त्यांची पारख जाते. पण भूछत्रे जागची हालत नाहीत. म्हणून नव्या रानात जुन्या ओळखीवर विसंबू नये. ज्याची जात, जागा व मूळ ही तिन्ही पटलेली नाहीत, ते खाऊ नये. आणि खाल्ल्यावर सहा तासांनी जरी त्रास सुरू झाला, तरी बरे वाटण्याची वाट न पाहता उरलेले भूछत्र बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

मनुस्मृतीच्या सरसकट निषेधाने मनुष्य विषापासून वाचला, परंतु एका उत्तम अन्नास मुकला. चांदीच्या रुपयाने त्यास अन्न दिले, पण वाचविले नाही. या दोहोंच्या मध्ये देठाशी माती उकरून वारुळापर्यंत हात घालणाऱ्यांची एक तिसरी परंपरा आहे. तिच्यात नियम थोडे आहेत आणि ओळख पुष्कळ आहे. ही ओळख ग्रंथात फारशी उतरलेली नाही. ती आजीकडून नातीकडे, गुराख्याकडून गुराख्याकडे चालत आली आहे. रान तुटले, वारुळे मोडली आणि पारखणारी वडीलधारी माणसे गेली, तरी पावसाळ्यात छत्र्या उगवतच राहतील. नाहीसे होईल ते त्यांतील अन्न कोणते आणि विष कोणते, हे निश्चयाने सांगणारे तोंड.