रिशेल्यू मार्गावरची व्हिएन्ना

सगळे मोडल्यावर बेकरीत काम धरायचे आणि पीठ मळता मळता पुन्हा उभे राहायचे, हे कथानक कादंबरीकारांना फार मानवते. ज्यूडिथ रायन हेंड्रिक्स यांच्या 'ब्रेड अलोन' (२००१) या कादंबरीत नवऱ्याने दूर केलेली नायिका सिएटलच्या एका बेकरीत कामाला लागते. तरुणपणी फ्रान्समध्ये शिकलेली पावाची कला तिथे तिच्या उपयोगी पडते. या कथानकाचा खराखुरा नायक इतिहासात शोधू गेल्यास ऑगस्ट त्सांग भेटतो. फरक इतकाच, की तो मुळात बेकर नव्हताच.

त्सांग व्हिएन्नाचा, जन्म १८०७ चा. वडील शल्यचिकित्सक, स्वतः तोफखान्यातला अधिकारी. लष्कर सोडून तो पॅरिसला आला आणि १८३८-३९ च्या सुमारास रिशेल्यू मार्गावर त्याने 'बुलांजरी व्हिएनवाज' म्हणजे व्हिएन्नाची बेकरी उघडली. कारागीर आणि पद्धत दोन्ही त्याने मायदेशाहून आणली. खरी करामत भट्टीत होती. आत वाफ कोंडून ठेवली की पावाचा वरचा थर लगेच वाळत नाही. त्यावरचा स्टार्च फुलतो आणि पापुद्र्याला सोनेरी चकाकी येते. पॅरिसकरांना ही चकाकी आणि 'किप्फर्ल' नावाचा चंद्रकोरीचा पाव दोन्ही आवडले. नकला झाल्या, आणि कोरीला फ्रेंच नाव मिळाले, क्रोआसाँ. आज आपण खातो तो लोण्याच्या पदरांचा, खुसखुशीत क्रोआसाँ मात्र बराच नंतरचा, विसाव्या शतकाच्या आरंभी रुळलेला.

लोकांना ठाऊक आहे ती गोष्ट वेगळीच. १६८३ च्या वेढ्यात तुर्कांचे भुयार रात्री जागणाऱ्या बेकरांनी ओळखले, विजयाची खूण म्हणून कोरीचा पाव केला आणि १७७० मध्ये लग्न होऊन आलेल्या मारी आंत्वानेतने तो फ्रान्सला आणला, असे सांगतात. पण किप्फर्ल ऑस्ट्रियात वेढ्याच्या कितीतरी आधीपासून होता, आणि राणीच्या काळातला भक्कम पुरावा कोणी दाखवलेला नाही. दुकानदारापेक्षा राणी केव्हाही गोष्टीत शोभून दिसते, हेच या दंतकथेच्या दीर्घायुष्याचे कारण असावे. भाषेने मात्र हिशेब चोख ठेवला. आपल्या 'पाव' या शब्दात जसा पोर्तुगीज दडलेला आहे, तशी फ्रेंचांच्या 'व्हिएनवाजरी' या शब्दात व्हिएन्ना आहे. क्रोआसाँ आणि त्याची सगळी भावंडे ते याच नावाखाली मोजतात.

त्सांगने दुसरा डावही पॅरिसमध्येच शिकून घेतला. एमिल द जिरार्दॅंने १८३६ मध्ये 'ला प्रेस' हे स्वस्त वृत्तपत्र काढले होते. १८४८ च्या क्रांतीने व्हिएन्नातली मुद्रणबंधने सैल होताच त्सांग परतला आणि जुलैमध्ये त्याच धर्तीवर 'डी प्रेसे' सुरू केले. बेकरी मागे पडली. १८६४ मध्ये त्याचेच संपादक फुटून निघाले आणि त्यांनी 'नॉये फ्राये प्रेसे' काढले. पुढे त्सांगने पत्र विकून पैसा खाणींत घातला. १८८८ मध्ये तो वारला. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्याच्या थडग्याशी पुतळे आहेत, ते खाणकामगारांचे.